चाकं बदलल्यापासून बुलेट बिनसलीय? कार्ब्युरेटर उघडण्याआधी हे बघा

दर दोन-तीन महिन्यांनी एखादी जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या इंजिनाची) बुलेट माझ्या अंगणात येते आणि मालक तेच सांगतो, "दादा, चाकं बदलली आणि गाडीची मजाच गेली." मी मेस्त्री नाही. कराडला राहतो, नोकरी वेगळीच आहे. पण माझ्या १९९४ च्या साडेतीनशे सीसीवर मी स्वतः हा उद्योग दोनदा केलाय आणि दोन्ही वेळा तोंडावर पडलोय. एकदा तर शब्दशः, ते पुढे येईलच. तेव्हापासून मित्रांच्या, मित्रांच्या मित्रांच्या गाड्या बघत आलोय.

खालचं सगळं चार गिअरच्या, उजव्या पायाने गिअर टाकायच्या साडेतीनशेबद्दल आहे. मूळची १९ इंची चाकं काढून १८ किंवा १७ इंची रिमा आणि जाड टायर टाकलेली, नाहीतर गिअरबॉक्सचं म्हणजे पुढचं स्प्रॉकेट (चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती) बदललेली, नाहीतर दोन्ही केलेली गाडी.

लक्षणं

- पन्नाशीतच इंजिन कोकलायला लागतं, पाचवा गिअर असता तर बरं झालं असतं असं वाटतं.
- किंवा बरोबर उलटं: कुंभार्ली घाटात पूर्वी तिसऱ्यावर आरामात चढणारी गाडी आता दुसरा मागते, आणि सपाटीलाही चौथ्यावर गचके देते.
- चेन एका जागी ताठ, अर्धं चाक फिरवलं की ढिली. चालताना खालून कर्र-कर्र.
- थ्रॉटल सोडून परत धरला की मागच्या चाकातून 'ठक्क'.
- गाडी एका बाजूला ओढते. साठ-पासष्टला मागचा भाग डुलतो.
- स्पीडोमीटर सत्तर दाखवतो आणि एसटी आपल्याला ओव्हरटेक करून जाते.
- साइड स्टँडवर गाडी नको तितकी सरळ उभी राहते. मेन स्टँडवर घ्यायला दोन माणसं लागतात.

यातलं एखादं दिसलं की नव्वद टक्के लोक पहिल्यांदा कार्ब्युरेटर उघडतात. जेट बदलतात, टायमिंग हलवतात, पॉइंट घासतात. चाकं बदलायच्या आदल्या दिवशी गाडी नीट चालत होती ना? मग इंजिनाला हात लावू नका. ते बिचारं तेच काम करतंय, आपण त्याच्या पुढचं सगळं बदललंय.

१. टेप आणि खडू

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि अर्धी प्रकरणं इथेच मिटतात.

टायरमध्ये हवा बरोबर भरा. सपाट फरशीवर मागचा टायर जिथे टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ मारा. एकाला गाडीवर बसवा, दुसऱ्याने चाकाचा बरोबर एक फेरा होईपर्यंत गाडी ढकलायची. टायरवरची रेघ परत खाली आली की फरशीवर दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजा. पुढच्या चाकाचंही तसंच मोजून लिहून ठेवा.

हे का करायचं? कारण टायर हाही एक गिअरच आहे, सगळ्यात शेवटचा. हिशोबाने ३.२५–१९ टायरचा घेर साधारण २०३५ मिमी येतो. ११०/८०–१७ चा येतो १९१० च्या आसपास, म्हणजे सहा टक्के कमी. तेवढाच वेग गाठायला इंजिनाला सहा टक्के जास्त फेरे मारावे लागतात. मूळच्या साडेतीनशेला गिअरबॉक्सवर १६ दातांचं आणि मागे ३८ दातांचं स्प्रॉकेट असतं. १६ चं १७ केलं तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात तेही सहाच टक्क्यांनी. म्हणजे १७ इंची चाक टाकणाऱ्याने नकळत एक दात कमी केल्यासारखं झालं. इंजिन कोकलतंय ते त्यामुळे.

उलट, १९ ऐवजी १८ इंची रिम टाकून त्यावर १२०/८० टायर चढवला तर घेर येतो २०४० च्या जवळ, मूळचाच. अशा गाडीला घाटात दम लागत असेल तर दोष टायरच्या घेराचा नाही. कुणीतरी आधीच पुढचं स्प्रॉकेट मोठं केलेलं असतं आणि पुढच्या मालकाला सांगितलेलं नसतं. दात कसे मोजायचे ते खाली सांगतो. त्यासाठी काहीही उघडावं लागत नाही.

हिशोबाचा घेर आणि मोजलेला घेर यांत दहा-वीस मिमीचा फरक पडतो. वजनाने टायर दबतो, झिजतो, शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा थोडा वेगळा असतो. म्हणून डब्यावरच्या आकड्यापेक्षा टेप खरी.

२. हवा, बाण आणि टायरची रेघ

सोलोला पुढे १८ ते २० आणि मागे २८ पौंड हवा. डबलसीट असाल तर मागे ३० ते ३२. जाड टायर टाकला की पंक्चरवाला सवयीने दोन्हीकडे ३५ भरतो आणि गाडी खडीवर बेडकासारखी उड्या मारते.

टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे का ते बघा. मग टायरच्या कडेला रिमलगत जी बारीक उंच रेघ असते ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का तपासा. एका जागी ती आत दबलेली दिसली तर टायर नीट बसलेलाच नाही. 'रिमला आऊट आहे' म्हणून लोक रिमवाल्याकडे पळतात आणि तो निष्कारण आरे आवळत बसतो. हवा काढा, कडेला साबणाचं पाणी लावा, परत भरा. बहुतेक वेळा 'टप्प' आवाज करून टायर जागेवर बसतो.

३. स्पीडोमीटर

इथे एक गैरसमज घट्ट रुतून बसलाय. स्प्रॉकेट बदलल्यामुळे काटा चुकतो असं लोक मानतात. माझ्या गाडीला आणि मी पाहिलेल्या बहुतेक साडेतीनशेंना केबल पुढच्या चाकातून येते. त्यामुळे मागे कितीही दात बदला, काट्याला पत्ताही लागत नाही. पुढचा टायर बदलला की मात्र तो लगेच थापा मारायला लागतो.

पुढे ९०/९०–१७ टाकला तर घेर १८६५ पर्यंत खाली येतो आणि काटा नऊ टक्के जास्त दाखवतो. खरा वेग ६० असताना काट्यावर ६५. मोबाइलच्या जीपीएसवर वेग लावून सरळ रस्त्यावर एकदा ताडून बघा. किलोमीटरही तितकेच फुगतात. माझा एक मित्र चाकं बदलल्यावर 'लिटरला पस्तिसाचे अडतीस झाले' म्हणून पेढे वाटायच्या बेतात होता. पेट्रोल तेवढंच जळत होतं, मीटर पुढे पळत होता.

४. स्टँड

हे कुणी मोजत नाही. मीही मोजलं नव्हतं. दोन्ही चाकं १७ ची केली की गाडी वीसेक मिमी खाली येते, साइड स्टँड मात्र तेवढाच लांब राहतो. गाडी कमी कलते. पहिल्या बदलानंतर मी कृष्णाकाठी चहाला थांबलो. गाडी उभी केली, पाठ फिरवली, आणि वाऱ्याच्या एका झोताने ती पलीकडच्या बाजूला आडवी झाली. सावरायला गेलो तर मीही तिच्यावर. टाकीला पडलेला पोचा अजून आहे.

स्टँडच्या टोकातली पट्टी कापून परत वेल्डिंग करणं हे कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याचं अर्ध्या तासाचं काम. मात्र वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढून ठेवा.

५. सुतळी

आता थोडे हात काळे होतील. मागचं चाक पुढच्याच्या रेषेत आहे का हे बघायचंय.

बुलेटला चेन ताणायला ॲक्सलच्या दोन्ही टोकांना गोगलगाईसारख्या चकत्या असतात, त्यांना खाचा असतात. नियम सोपा: डावीकडे जितक्या नंबरची खाच, उजवीकडेही तितक्याच नंबरची. पण तीस वर्षांच्या गाडीत त्या खाचा झिजलेल्या असतात, एक चकती नवी आणि एक जुनी असते, आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मनेही आयुष्यात काही ना काही भोगलेलं असतं. म्हणून खाच मोजून समाधान मानू नका.

गाडी मेन स्टँडवर घ्या, हँडल सरळ. मागच्या टायरच्या मागून सुतळी गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढे आणा, जमिनीपासून चारेक इंचांवर, स्टँड आडवा येणार नाही अशी. दोन्ही दोऱ्या मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसत्या टेकल्या पाहिजेत, वाकायला नकोत. आता पुढच्या टायरपाशी बघा. मागचा टायर पुढच्यापेक्षा जाड असेल तर दोन्ही बाजूंना फट दिसेल. ती सारखी हवी. डावीकडे पाच मिमी आणि उजवीकडे पंधरा असेल तर गाडी ओढणारच.

आधी चकत्यांनी दुरुस्त होतं का बघा. होत नसेल, म्हणजे चाक सरळ आहे पण एका बाजूला सरकलेलं आहे, तर रिम हबवर चुकीच्या जागी विणलीय. चाकं बदलण्यातला सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच. बुलेटच्या हबला ४० आरे असतात आणि रिम हबच्या बरोबर मध्यावर नसते. जुनी रिम सोडवण्याआधी ड्रमच्या कडेवर सरळपट्टी ठेवून रिमपर्यंतचं अंतर मोजून लिहायचं असतं. ते न मोजता आरे कापले की मग अंदाजपंचे. माझी पहिली चाकं ज्याने विणली त्याने ती डोळ्यांनी 'मध्यात' बसवली. मागची रिम नऊ मिमी उजवीकडे होती. मी ती गाडी चार महिने चालवली आणि दोष रस्त्याच्या उताराला देत राहिलो.

इथे थांबायची पहिली पाटी. रिम सरकवून परत विणणं घरी करू नका. आरे विणणं शिकून येतं, पण त्यासाठी चाक फिरवून सरळ करायचा ट्रूइंग स्टँड हवा आणि एखाद्या जुन्या माणसाच्या हाताखाली घालवलेले दिवस हवेत. आरे विणणाऱ्याकडे चाक न्या आणि किती मिमी कुठल्या बाजूला हवंय ते कागदावर लिहून द्या. 'बघा जरा' असं सांगितलं की तो जराच बघतो.

६. चेन

मोकळ्या गिअरवर मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा आणि खालच्या बाजूची चेन मधोमध वर-खाली करून बघा. इंजिन चालू ठेवून हे करू नका, चेनला फडकंही लावू नका. बोट गेलेली माणसं मी बघितलीत.

एका जागी ताठ, दुसऱ्या जागी सैल असेल तर सगळ्यात ताठ जागा शोधा आणि खेळ तिथेच ठेवा. साधारण २५ ते ३० मिमी, आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. मग एकाला सीटवर बसवून परत बघा. गाडी दबते तेव्हा चेन आणखी ताठ होते. ताठ चेनीने गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं, आणि ते चेनीच्या कितीतरी पट महाग पडतं.

चेनीची झीज मोजायला टेप पुरते. या चेनीचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, पाच अष्टमांश इंच, अर्थात १५.८७५ मिमी. चेन ताणून धरा आणि २० कड्यांचं अंतर पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजा. नवीत ३१७.५ मिमी भरतं. ३२४ च्या पुढे गेलं की ती चेन बदला, तिच्यावर ग्रीस वाया घालवू नका.

नवी चेन टाकण्याआधी दात बघा. विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वळलेले असतील तर नवी चेन दोन महिन्यांत जुनी होईल. मागचं स्प्रॉकेट आणि ब्रेकचा ड्रम हा इथे एकच नग आहे, त्यामुळे दात गेले म्हणजे अख्खा ड्रम. खर्च वाढतो, पण आरे सोडवावे लागत नाहीत, ड्रम हबपासून सुटा निघतो. आणि चेनलॉकची क्लिप बघाच. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं. उलटं असेल तर कधीतरी ती रस्त्यावर उडून जाते.

७. 'ठक्क' कुठून येतो?

ड्रम आणि हब यांच्यामध्ये रबराचे तुकडे असतात. इंजिनाचा झटका तेच खातात. चाक काढलं की बहुतेक जण ते पुसून परत टाकतात. ब्रेक दाबून धरा आणि चाक मागे-पुढे हलवा. ड्रम जागेवर आणि हब सहज फिरतोय असं झालं तर रबर संपले. बोटाने दाबून बघा, दगडासारखे कडक असले तरी संपलेच. सगळा सेट एकदम बदला. नवे इतके घट्ट असतात की ड्रम बसत नाही. साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा ऑइल नाही, त्याने रबर फुगतो.

चाक परत बसवताना दोन गोष्टी. ॲक्सलचा नट शेवटचा आवळताना मागचा ब्रेक दाबून धरा, म्हणजे ब्रेकचे लायनर ड्रमच्या मध्यात बसतात आणि ब्रेक घासत नाही. आणि ब्रेकची प्लेट स्विंगआर्मला जिथे अडकते तिथला नट आवळल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. तो राहिला तर पहिल्या जोरदार ब्रेकला प्लेट फिरते आणि चाक जॅम होतं. या लेखातलं एवढंच वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

८. शेवटी दात

आधी आहेत किती ते मोजा. गिअर मोकळा ठेवा. गिअरबॉक्सच्या मागून बॅटरी मारली की पुढच्या स्प्रॉकेटचे काही दात दिसतात. त्यातल्या एकावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. मागचं चाक हळू फिरवत ठिपका परत त्याच जागी येईपर्यंत मागच्या स्प्रॉकेटचे किती दात एका ठरावीक खुणेपुढून गेले ते मोजा. तेवढेच दात पुढे. दोनदा करा, पहिल्यांदा सगळेच चुकतात.

आता किती हवेत? मागचा घेर मूळच्या आसपास असेल आणि गाडी बहुतेक घाटात, डबलसीट चालत असेल तर १६ ठेवा. हायवेवर एकट्याने पळवायची असेल तर १७. चाकं १७ इंची असतील तर १७ दात टाकले की गाडी जवळजवळ मूळच्या चालीवर येते. १८ मी वापरून बघितलंय. मूळच्या घेरावर इंजिनाचे फेरे अकरा टक्के कमी होतात, आणि १८ बीएचपीच्या इंजिनाला ते झेपत नाही. पुणे-सातारा सपाटीला छान वाटतं, खंबाटकी घाट लागला की तिसऱ्यावर या. त्याच्या वर मी गेलेलो नाही, जायचं कारणही दिसत नाही.

एक दात वाढवला की चेन अर्धी कडी जास्त खाते, म्हणजे ॲक्सल साधारण चार मिमी पुढे येतो. जाड टायर असेल तर तो पुढे आल्यावर मडगार्डला किंवा चेनला घासत नाही ना, हे आधीच बघा.

आणि ही थांबायची दुसरी पाटी. जपानी गाड्यांत पुढचं स्प्रॉकेट एका छोट्या कव्हरमागे असतं. बुलेटमध्ये ते क्लचच्या मागे आहे. डावं फूटरेस्ट, ब्रेक पेडल, एका मधल्या नटावर धरलेलं प्रायमरी कव्हर, ऑल्टरनेटर, प्रायमरी चेनसकट (इंजिनापासून क्लचपर्यंतची चेन) क्लच, मग आतलं कव्हर. एवढं सगळं उतरवल्यावर ते दिसतं. क्लच ओढून काढायला पुलर हवा. तो नसताना स्क्रूड्रायव्हरने उचकटून कव्हरची कड फोडलेल्या गाड्या मी तीन पाहिल्यात, त्यातली एक माझी. कव्हर परत बसवताना सील नीट बसलं नाही तर ऑइल गळणार आणि दर रविवारी गाडीखाली पुठ्ठा. हे काम बुलेटच्याच मेस्त्रीला द्या, आणि क्लचप्लेट, सील त्याच वेळी बघून घ्यायला सांगा, कारण परत उघडायची मजुरी तीच लागणार.

याशिवाय पुढचं काही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि मेस्त्री बोलवा: स्प्रॉकेट हाताने धरून वर-खाली हलतंय, हबला तडा आहे, एका चाकाचे दोनपेक्षा जास्त आरे तुटलेत, सुतळी लावूनही चाक सरळ येत नाही म्हणजे स्विंगआर्म वाकलाय, किंवा ॲक्सलचा आटा गेलाय. ॲक्सलला 'टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळू' असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत केलेल्या बदलांवर बंधनं घालतं. अपघात झाला तर विमावाला टायरचा साइझ बघतोच.

काम झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला चेन परत बघा, नवी असेल तर ती ताणलेली असेलच. प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकं टिचकी मारत एक फेरी करा. सगळे एका सुरात वाजले पाहिजेत. एखादा 'थप' वाजला तर तो ढिला आहे, चाक घेऊन परत विणणाऱ्याकडे जा.